मार्जारकिशोरन्याय

आम्ही मांजरप्रेमी नव्हतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमच्या साताऱ्याच्या घरी मांजर असे, परंतु ते पाळलेले नसे, आलेले असे. त्याला साय चुकून मिळे आणि लाटणे मुद्दाम मिळे. मांजराला औषधपाणी करावयाचे असते, ही कल्पना आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आली नसेल. मांजर हातून मेले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, एवढीच काय ती त्या जातीविषयीची आमची धार्मिक जबाबदारी. आणि सोन्याचा भाव पाहता मांजरापासून चार हात दूर राहणेच आम्हांस सोयीचे वाटत आले होते.

2023 च्या उन्हाळ्यात आमची म्हैसूरला बदली झाली. ऑफिसच्या मागील अंगास मंगळुरी कौलांची एक जुनी शेड होती. तीत मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटे आणि निर्लेखनाच्या हुकमाची वाट पाहणारी टंकलेखन यंत्रे आपले निवृत्तीनंतरचे दिवस कंठीत होती. जुलैत त्या सामानाचा लिलाव झाला आणि दुसऱ्या दिवशी शेड पाडावयाचे ठरले. त्या सायंकाळी पहारेकरी आमच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सार्, बेक्कु."

बेक्कु म्हणजे मांजर, एवढे कन्नड आम्हांस तोवर अवगत झाले होते. जाऊन पाहतो तो एका कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या आवक-जावक नोंदवह्यांच्या कपट्यांवर तीन पिले बसलेली. एक काळे, एक पट्ट्यापट्ट्यांचे आणि एक अगदी किरकोळ, पांढरे. त्यांची आई वर तुळईवरून आमच्याकडे पाहून फिस्कारत होती. कोणी म्हणाले, पोत्यात घालून कुक्करहळ्ळी तलावापलीकडे सोडून द्या. हा उपाय आपल्याकडे सर्वमान्य आहे. परंतु 1960 चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा आम्ही एका खात्यांतर्गत परीक्षेच्या निमित्ताने चाळला होता. भरतनाट्यमच्या थोर कलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, आणि 1962 साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आम्ही कलम सांगितले. कलम सांगणाऱ्याच्या गळ्यात काम पडते, हा सरकारी नोकरीतील नियम तेथेही लागू झाला.

पिले उचलण्यासाठी आम्ही खणात हात घातला आणि काळ्या पिलाने आमचे बोट कडकडून चावले. पहारेकऱ्याने आम्हांस नळाखाली उभे करून साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावयास लावली. तेथून आम्ही दवाखान्यात गेलो. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा सुया घेतल्या. पिलाच्या चावण्याने काय होणार, असे कोणी म्हणू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. जे काय करावयाचे ते आधीच.

लेखनसामग्रीच्या रिकाम्या खोक्यातून पिले घरी आली, म्हणून आमच्या आठ वर्षांच्या कन्येने त्यांची नावे त्याच खात्यातून घेतली. काळी ती दौत, पट्ट्यांची ती पट्टी आणि पांढरा तो खडू. या मुलीविषयी येथे दोन शब्द सांगणे भाग आहे. साताऱ्यास दिवसभर बडबडणारी ही मुलगी म्हैसूरच्या शाळेत गेल्यापासून वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. कन्नडच्या तासाला ती खिडकीबाहेर पाहत बसे. घरी विचारले की, "बाबा, सगळे हसतील," एवढेच उत्तर येई. आम्ही कधी समजावीत होतो, कधी रागावत होतो. गुण दोहोंचाही सारखाच येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिले पशुवैद्यांकडे नेली. त्यांनी दात पाहून वय पाच आठवड्यांचे ठरविले आणि प्रथम आमचीच उलटतपासणी घेतली. शेड पाडली जाणार नसती तर पिले उचलावयाचीच नव्हती, असे ते म्हणाले. आई जवळपास असेल तर तिच्यासारखा दुसरा वैद्य नाही. परंतु आता आणलीच आहेत, तर वेळ दवडू नका. मांजराच्या पिलाच्या आयुष्यात दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत एक दार उघडे असते. त्या अवधीत माणसाचा हात, वास आणि आवाज ओळखीचा झाला, तर माणूस त्याच्या जगात जमा होतो. न झाला, तर तो जन्मभर शत्रूच्या खात्यात राहतो. अमेरिकेत आयलीन कार्श या विदुषींनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात हे प्रयोगांनी दाखविले. रोज पंधरा मिनिटे हाताळलेल्या पिलांपेक्षा चाळीस मिनिटे हाताळलेली पिले माणसाशी अधिक सलगीने वागली. म्हणजे दोन आठवडे आमच्या हाती होते.

आम्ही एक वही आखली. तारीख, वजन, खाणे, डोळे आणि शेरा असे पाच रकाने. ऑफिसचा टपालकाटा घरी आणणे नियमबाह्य, म्हणून स्वयंपाकघरातील काटा वापरला. पहिल्या दिवशीची नोंद अशी: दौत 480 ग्रॅम, पट्टी 440, खडू 310. निरोगी पिलाचे वजन आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम वाढावे, असा हिशेब असतो. त्यावरून खडूची थकबाकी लक्षात यावी. तिघांचेही डोळे चिकटले होते. ते मीठ घातलेल्या उकळून कोमट केलेल्या पाण्याने, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन पुसावयाचे आणि मग डॉक्टरांनी दिलेले मलम घालावयाचे. जंतांचे औषध वजनावर मोजून द्यावयाचे. पिसवा बारीक फणीने काढावयाच्या. कुत्र्यासाठी मिळणारे पिसवांचे औषध मांजराला लावावयाचे नाही, कारण त्यांतील काहींत असणारे परमेथ्रिन मांजराला विष आहे. पट्टीचे अंग तापले तेव्हा सौभाग्यवतींनी घरातील पॅरासिटामॉलची गोळी चतकोर करून देण्याचे ठरविले होते. सुदैवाने त्यांनी आधी फोन केला. ते औषध मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाही आणि एवढ्याशा पिलाला चतकोर गोळीदेखील पुरते.

परंतु दुसऱ्या एका गोष्टीसाठी आम्ही फोन केला नाही. चौथ्या रात्री खडूने खाणे सोडले आणि तो गार पडला. आम्ही घाईघाईने गाईचे दूध कोमट केले, त्याला उताणे धरले आणि ड्रॉपरने दूध तोंडात सोडले. थोडे नाकातून बाहेर आले. त्याने दोनदा तोंड उघडले. पहाटेच्या आधीच तो गेला.

सकाळी डॉक्टरांनी आमचे सर्व ऐकून घेतले. गार पडलेल्या पिलाला प्रथम ऊब द्यावयाची आणि अन्न नंतर, असे त्यांनी सांगितले. अंग गार असता आतडी काम करीत नाहीत. मांजराच्या अंगची उष्णता मूळचीच आपल्याहून अधिक, 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवावी, नाहीतर सरळ आपल्या छातीशी धरावे. दूध पाजावयाचे ते पोटावर धरून, उताणे कधीच नव्हे. उताणे धरले की ते फुप्फुसात उतरते. शिवाय गाईचे दूध पिलांना सहसा पचत नाही. त्यांच्यासाठी निराळी भुकटी मिळते. आम्ही विचारले, "म्हणजे तो आमच्या हातून गेला?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "हिरड्या पाहिल्या होत्या मी. पिसवांनी रक्त उरू दिले नव्हते. कदाचित गेलाही असता. पण पुढच्या वेळी आधी ऊब द्या." या 'कदाचित'चा आधार आम्ही अनेकदा घेऊन पाहिला. तो पुरेसा वाटला नाही. वहीत त्या तारखेला खडूच्या नावापुढे पाचही रकाने कोरे आहेत.

आता दोघी उरल्या. त्यांना आम्ही बाहेरच्या न्हाणीघरात ठेवले. घाबरलेल्या प्राण्याला घर मोकळे करून देणे म्हणजे त्याला दहा कपाटांखाली लपण्याची सोय करून देणे होय. लहान खोली, लपावयास एक आडवे खोके, वाळूचे ताट आणि पाणी, एवढा प्रपंच पुरतो. अन्न मात्र माणूस समोर बसलेला असतानाच मिळावयाचे. पहिले दोन दिवस नुसते बसून राहावयाचे. मग लांब दांड्याच्या चमच्याने घास पुढे करावयाचा, मग आखूड चमच्याने, मग बोटाने. हात डोक्यावरून उतरवावयाचा नाही. वरून येतो तो ससाणा. बोट खालून, गालापाशी न्यावे. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. पाहिलेच तर पापण्या सावकाश मिटाव्यात. मांजर डोळे मिटून दूध पिते, या आपल्या म्हणीत त्या मिटण्याला लबाडी ठरविले आहे. वस्तुतः ती सभ्यता असावी. 2020 साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाने असे दाखविले की, जो माणूस सावकाश डोळे मिटतो त्याच्याकडे मांजर अधिक खुशीने येते.

अन्नाचा प्रश्न निराळाच होता. आमचे घर शाकाहारी. शेजारच्या अज्जी श्रीवैष्णव. त्यांच्या मते दहीभात हा सर्व प्राणिमात्रांचा आहार. परंतु टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला आपल्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातूनच यावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हे 1975 साली कळले, आणि हृदय दुबळे होते, हे 1987 साली. सौभाग्यवतींनी परसात वेगळी शेगडी मांडली, नाकाला पदर लावला आणि आयुष्यात प्रथमच कोंबडी शिजविली. त्यानंतर त्यांनी आम्हांस जो कटाक्ष टाकला, तो मात्र सावकाश पापण्या मिटण्यासारखा नव्हता.

पट्टी सहा दिवसांत मांडीवर आली. दौत मात्र खोक्याच्या तळाशी दोन पिवळे दिवे लावून बसे आणि आम्ही जवळ गेलो की फिस्कारे. आम्ही त्याला राग समजत होतो. वास्तविक ती भीती असते. ज्याला पळावयास जागा नसते तोच फिस्कारतो. एकदा आम्ही अधीर होऊन तिला पंचात गुंडाळून बळेच मांडीवर घेतले. दुसऱ्या दिवशी ती बोटावरचा घासही घेईना. वहीत शेरा आहे: "तीन दिवसांची प्रगती रद्द."

आमची ही रड ऐकून पहारेकरी हसला. त्याचा एक आप्त दसऱ्याच्या हत्तींबरोबर असतो. विजयादशमीला 750 किलोंची सोन्याची अंबारी घेऊन हत्ती राजवाड्यातून निघतो, तेव्हा एकवीस तोफांची सलामी होते. त्या आवाजाने हत्ती बिथरू नये म्हणून त्यांना कित्येक आठवडे आधी रानातल्या तळांवरून शहरात आणतात, मिरवणुकीच्या वाटेवरून रोज चालवितात, पाठीवर वाळूची पोती चढवून ओझ्याची सवय करतात आणि त्यांच्यासमोर तोफा उडवून आवाजाची. "पहिल्या वर्षीच्या हत्तीला कोणी एकदम तोफेच्या तोंडाशी नेत नाही, सार्," तो म्हणाला. "लांब उभा करतात. जवळ यायचे की नाही ते तो सांगतो."

मांजराच्या कानाला मनुष्याच्या बोलण्याची सवय व्हावी म्हणून जवळ बसून मोठ्याने वाचावे, असे डॉक्टरांनी सुचविले होते. आम्ही ते काम कन्येकडे सोपविले. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून मराठीच्या पुस्तकातील धडे वाची. एक दिवस तिने विचारले, "बाबा, दौतचा जन्म इथला ना? मग तिला मराठी कसं कळणार?" प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या दिवसापासून कन्नडचे पुस्तक सुरू झाले. एकेक अक्षर जुळवीत, अडखळत, चुकत ती वाची. दौत हसत नव्हती. अज्जी कुंपणापलीकडून एखादा उच्चार सुधारीत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. आम्ही ऑफिसातून आल्यावर दारामागे उभे राहून ऐकत असू. आत जात नसू. निदान एवढे तरी हत्तीच्या गोष्टीने आम्हांस शिकविले होते.

एकोणिसाव्या दिवशी दौत खोक्याबाहेर आली, उघड्या पुस्तकावर बसली आणि तिने तेथेच अंग धुवावयास घेतले. कन्येने हात पुढे केला नाही. ती कन्नडमध्ये "बा, बा" म्हणाली आणि वाचीत राहिली. त्यानंतर सुमारे महिन्याने शाळेतील बाईंनी वहीत लिहून पाठविले की, मुलगी आज वर्गात उभी राहून धडा वाचती झाली. या दोन गोष्टींचा कार्यकारणभाव आम्ही सिद्ध करू शकत नाही. वहीत मात्र दोन्ही नोंदी आहेत.

अज्जींना हा वृत्तांत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ही तर आमच्याकडची जुनी वादाची गोष्ट. जीवाने ईश्वराकडे कसे जावे, यावर श्रीवैष्णवांत दोन पंथ. तेंगलै म्हणतात, मांजरीच्या पिलासारखे निश्चेष्ट राहावे, आई मानेला धरून उचलून नेते, हा मार्जारकिशोरन्याय. वडगलै म्हणतात, माकडाच्या पिलाने आईला आपण होऊन बिलगावे लागते, हा मर्कटकिशोरन्याय. जगनमोहन राजवाड्याजवळचा परकाल मठ, जो म्हैसूरच्या राजघराण्याचा गुरुमठ, तो वडगलैंचा; अज्जीही त्याच परंपरेतील. "तुम्ही मांजर आणले," त्या म्हणाल्या, "पण त्याला माकडाचा न्याय लावावा लागला." पट्टी पुढे त्यांच्याकडेच गेली. तिला डबाबंद खाद्य घालतात. त्यात काय असते, हे अज्जींनी आजवर विचारलेले नाही.

राहता राहिली पिलांची आई. शेड पडल्यानंतर सहा रात्री ती त्या ढिगाऱ्यावर ओरडत हिंडत होती, असे पहारेकऱ्याने आम्हांस बऱ्याच दिवसांनी सांगितले. आधी सांगितले असते तर आम्ही काय केले असते, ते ठाऊक नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि अंगावर पिले असतानाही पुन्हा गाभण राहते. तेव्हा तिची शस्त्रक्रिया करणे हाच त्या दुःखाला पायबंद. 2023 च्या मार्चमधील प्राणी जन्मनियंत्रण नियमांत आता कुत्र्यांबरोबर मांजरांचाही विचार केलेला आहे. आम्ही प्राणिमित्रांकडून पिंजरा आणला, त्यात मासळी ठेवली आणि तीन रात्री जागलो. ती अडकताच पिंजऱ्यावर चादर टाकली. अंधार झाला की असा प्राणी शांत होतो. भूल दिलेल्या अवस्थेतच शस्त्रक्रिया, रेबीजची लस आणि जखमेसाठी अनेक दिवस पुरणारे इंजेक्शन, हे सारे उरकून घेतले, कारण हिला रोज गोळी कोण देणार? शुद्धीवर येण्याआधी डाव्या कानाचे टोक सरळ कापले. ती खूण दिसली की तिला कोणी पुन्हा पकडत नाही.

हिलाही घरी नेऊन माणसाळवावे, असा मोह आम्हांस झाला होता. त्यात प्रायश्चित्ताचा भाग होता, हे कबूल करतो. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. घर हरवलेले मांजर आणि घर कधीच नसलेले मांजर यांत भेद असतो. पहिल्याला घर परत मिळाले की ते निवळते. दुसऱ्याला खोलीत कोंडणे म्हणजे जन्मठेप. तिला बरे करा, खाऊ घाला आणि तिची जागा तिला परत द्या. आम्ही तिला ऑफिसच्या आवारात, जेथे पूर्वी शेड होती तेथे सोडले. तिने मागे वळून पाहिले नाही.

तिच्या खाण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकणार, असे अधीक्षकांनी हसत विचारले. आम्ही 1868 सालचा दाखला दिला. लंडनच्या टपाल खात्याच्या मनीऑर्डर कचेरीत उंदीर मारण्यासाठी तीन मांजरी नेमल्या होत्या आणि त्यांना आठवड्याला एक शिलिंग भत्ता मंजूर होता; उरलेले वेतन त्यांनी उंदरांतून वसूल करावे, अशी अट होती. अधीक्षकांनी नियम मागितला नाही. खिशातून शंभराची नोट काढून दिली.

याला आता दोन वर्षे होऊन गेली. दौत आमच्या घरी आहे. पाहुणे आले की अजूनही पलंगाखाली जाते आणि आम्ही तिला बाहेर ओढीत नाही. तिची आई रोज साडेपाचला भिंतीवर येते. आम्ही थाळी ठेवून मागे सरतो. आरंभी ती बारा पावलांच्या आत आम्हांस उभे राहू देत नसे. गेल्या पावसाळ्यापासून सात पावले चालतात. पुढच्या वर्षी आमची बदली ठरलेली आहे. दौत बरोबर येईल. तिची आई येणार नाही, आणि तिला नेऊही नये. पहारेकऱ्याने थाळीचे काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. परवा आम्ही त्याला आमच्या जागी उभे करून स्वतः फाटकाशी थांबलो. ती भिंतीवरून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग उतरली आणि जेवली. त्याने पावले मोजली, दहा होती. आम्ही तो आकडा वहीत लिहिला आणि वही त्याच्या हाती दिली.